चष्मा तापतो का? मोडतो का? : एआर चष्म्यातली उष्णता आणि मजबुती



परवा घोटीत आमच्या पालकसभेत एका ताईंनी उभं राहून विचारलं, "सर, ते डोळ्यापुढे चित्र दाखवणारे चष्मे शाळेत आणायचं चाललंय म्हणे. माझा पोरगा साधा चष्मा महिन्यात मोडतो. हा कसा टिकायचा? आणि कानाजवळ तापला तर?" सभेत थोडं हसू झालं. पण खरं सांगू का, या दोन प्रश्नांनीच मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना घाम फोडलाय. म्हणून आजचा पाठ यावरच.

एआर चष्मा म्हणजे काय?

ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे एआर. या चष्म्यातून समोरचा वर्ग, फळा, मित्र सगळं दिसत राहतं आणि त्याच्यावरच एखादं चित्र तरंगतं. टेबलावर धडधडणारं हृदय ठेवल्यासारखं दिसतं. त्यासाठी आत इवलेसे पडदे, कॅमेरे, सेन्सर, प्रोसेसर आणि बॅटरी लागते. साधा चष्मा साधारण २५ ते ३० ग्रॅमचा. तेवढ्याशा जागेत हे सगळं बसवायचं म्हणजे एसटीच्या एका सीटवर अख्खं वऱ्हाड बसवण्यासारखंच, नाही का?

पहिला प्रश्न : उष्णता

उपकरणाने वापरलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. फोन तापला तर आपण खाली ठेवतो. चष्मा मात्र कानशिलाला टेकलेला असतो. आपल्या त्वचेचं तापमान सुमारे ३३ अंश. ४३-४४ अंशांची वस्तू तासन्‌तास त्वचेला चिकटून राहिली, तर भाजण्याइतकी इजा होऊ शकते. चटका बसला नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका.

आता एक सोपं गणित करू. वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, साधारण तितक्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. समजा चष्म्याचा पृष्ठभाग ४३ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. घोटीत पावसाळ्यात हवा २५ अंश असेल, तर फरक १८ अंशांचा. तोच चष्मा मे महिन्यात जळगावला ४० अंशांत घातला, तर फरक उरतो फक्त ३ अंशांचा. म्हणजे उष्णता बाहेर जाण्याची सोय एकदम सहावा हिस्सा! थंड खोलीत छान चालणारा चष्मा आपल्या उन्हाळ्यात का गळपटतो, ते इथे कळतं. पंखा लावावा म्हटलं तर वजन, आवाज आणि बॅटरीचा खर्च वाढतो.

दुसरा प्रश्न : मजबुती

वजन कमी करायचं तर फ्रेम बारीक करावी लागते. पण पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. म्हणून नुसतं बारीक करून भागत नाही, आकारात युक्ती लागते. आपल्याकडच्या छपराचा पन्हळी पत्रा बघा. तोच पत्रा सपाट असता तर वाऱ्यानेच वाकला असता. चष्म्याच्या काड्या आणि नाकावरचा भाग यांनाही असाच विचारपूर्वक आकार द्यावा लागतो. बिजागरीची जागा सगळ्यात नाजूक, कारण तिथून वायरही न्यायची असते आणि काडी हजारो वेळा उघडझापही करायची असते.

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत

खरी गंमत पुढे आहे. वस्तू तापली की प्रसरण पावते, हे आपण सातवी-आठवीत शिकवतोच. १४० मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची फ्रेम २० अंशांनी तापली, तर साधारण ०.२ मिलिमीटर वाढते. एक बाजू जास्त तापली तर ती किंचित वाकते. ७० मिलिमीटर अंतरात फक्त ०.१ मिलिमीटरचा बाक आला, तरी दोन मीटरवर दिसणारं चित्र जवळपास ३ मिलिमीटर सरकतं. मग दोन डोळ्यांची चित्रं नीट जुळत नाहीत, आणि मूल म्हणतं, "सर, डोकं दुखतंय." चष्मा मोडलेला नसतो, पण बिघडलेला असतो.

मग उपाय काय काढले?

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. मुंबईच्या टेसरॅक्ट कंपनीने बनवलेला जिओ ग्लास जुलै २०२० मध्ये रिलायन्सच्या वार्षिक सभेत दाखवला गेला, तोही शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या आभासी वर्गाचं स्वप्न पुढे ठेवून. वजन ७५ ग्रॅम. तो केबलने फोनला जोडायचा. केबल अडचणीची वाटते ना? पण त्यामुळे गणनेचा मोठा भार आणि त्याची उष्णता खिशातल्या फोनकडे जाते, डोकं मोकळं राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ ने उलट वाट धरली. सगळं डोक्यावरच ठेवलं, वजन ५६६ ग्रॅम झालं, म्हणून तोल साधायला बॅटरी डोक्याच्या मागे नेली. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायनमध्ये गणनेचा वेगळा डबा खिशात आणि फ्रेम मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलकं, ताठ, आणि प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता पसरवणारं. म्हणजे फ्रेम हाच सांगाडा आणि फ्रेम हाच थंड करणारा पत्रा!

वर्गात करून बघा

१. गरम पाण्यात स्टीलचा आणि प्लॅस्टिकचा चमचा ठेवा. टोकाला हात लावून सांगायला लावा. मग विचारा, "प्लॅस्टिक थंड राहिलं, म्हणजे चष्म्याला तेच चांगलं का?" मुलं हो म्हणतील. तेव्हा सांगा, उष्णता नाहीशी झाली नाही, आतच अडकली.

२. दोन पुस्तकांवर कागद आडवा ठेवून त्यावर खडू ठेवा, कागद वाकेल. तोच कागद पंख्यासारखा घड्या घालून ठेवा, आता किती खडू पेलतो ते मोजा.

पालकांसाठी शेवटचं

शाळेत कोणी असे चष्मे घेऊन आलं, तर चार गोष्टी विचारा : वजन किती, बॅटरी कुठे, किती अंश तापमानापर्यंत चालतो, आणि कंपनीने कोणत्या वयापासून वापरायला सांगितलाय. पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक पाहून हुरळून जाऊ नका, पूर्ण तासिकाभर स्वतः घालून बघा, आणि शक्यतो एप्रिलच्या दुपारी. त्या ताईंना मी हेच सांगितलं. मुलाच्या कानशिलाला काय टेकणार आहे, हे आधी आपल्या कानशिलाला कळलं पाहिजे.