माणुसकीचे पारखी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान नावाचे शहर आहे. १९४६ साली तेथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. देशोदेशींचे चित्रपट तेथे दाखविले जातात आणि महोत्सवाचे मुख्य परीक्षकमंडळ सर्वोत्कृष्ट चित्रपटाला सुवर्ण ताडपर्ण देऊन गौरविते. या मंडळाहून वेगळे असे सहा जणांचे एक लहानसे मंडळही तेच चित्रपट लक्षपूर्वक पाहत असते. त्याचे सभासद ख्रिस्ती धर्माच्या निरनिराळ्या पंथांचे असतात. धर्माच्या माणसांचे चित्रपटांच्या मेळाव्यात काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

चित्रपट ही कला नवी होती, तेव्हा पुष्कळ धर्मोपदेशक तिच्याकडे संशयाने पाहत. कोणते चित्रपट पाहू नयेत, याच्या याद्याही कित्येक देशांत प्रसिद्ध होत. परंतु वाइटाला नावे ठेवण्यापेक्षा चांगल्याचा गौरव करणे अधिक हिताचे, असा विचार हळूहळू बळावला. १९२८ साली कॅथॉलिक पंथीयांनी आणि १९५५ साली प्रॉटेस्टंट पंथीयांनी चित्रपटांसाठी आपापल्या आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केल्या. याच दोन पंथांच्या वैरामुळे एके काळी युरोपात घनघोर युद्धे झाली होती. त्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन १९७४ साली कान येथे एकच परीक्षकमंडळ नेमले.

या मंडळाने पहिले पारितोषिक देवादिकांच्या किंवा साधुसंतांच्या कथेला दिले असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते मिळाले फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाच्या एका साध्या चित्रपटाला. झाडलोट करून पोट भरणारी एमी नावाची एक वृद्ध विधवा आणि मोरोक्को देशातून मजुरीसाठी आलेला अली, या दोघांची ती कथा आहे. दोघेही एकाकी असतात. ते विवाह करतात आणि सारे जग त्यांच्यावर उलटते. एमीचा मुलगा संतापून दूरदर्शन-संचाला लाथ मारतो, शेजारणी कुजबुजतात, दुकानदार माल देत नाही. पुढे हीच माणसे पुन्हा गोड बोलू लागतात, कारण त्यांना एमीची गरज भासते! भीती माणसाचा आत्मा खाऊन टाकते, असा त्या चित्रपटाच्या नावाचा अर्थ आहे. देवाचे नाव न घेताही शेजारधर्म म्हणजे काय, हे त्यातून कळते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१४ साली, हे पारितोषिक अब्दर्रहमान सिसाको या आफ्रिकी दिग्दर्शकाच्या 'टिंबक्टू' या चित्रपटाला मिळाले. टिंबक्टू हे मालीमधील प्राचीन शहर. २०१२ साली धर्माचे नाव घेणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी ते बळकावले आणि गाणे, खेळणे यांवर बंदी घातली. चित्रपटात मुले चेंडूवाचूनच फुटबॉल खेळतात. नसलेल्या चेंडूमागे ती धावतात आणि बंदूकधारी जवळ येताच व्यायाम करीत असल्याचा बहाणा करतात. पायांत जोडे आणि हातांत शस्त्रे घेऊन मशिदीत शिरलेल्यांना तेथील वृद्ध इमाम न डगमगता बाहेर जाण्यास सांगतो. मुसलमान माणसांचे हे धैर्य व सौजन्य ख्रिस्ती परीक्षकांनी ओळखले आणि गौरविले, हे विशेष होय.

केवळ उपदेश केला म्हणून मात्र कोणताही चित्रपट या मंडळाला पसंत पडत नाही. तो कलेच्या दृष्टीनेही सरस असावा लागतो. ज्या कथेतील माणसे खरी वाटत नाहीत, तिच्यातील करुणाही खरी वाटत नाही. म्हणून परीक्षक आपसांत चर्चा करतात, मतभेद मांडतात आणि मगच निर्णय घेतात.

हा विचार पुढे आणखी विस्तारला. स्वित्झर्लंडमधील न्योन येथील माहितीपटांच्या महोत्सवात २००५ सालापासून निरनिराळ्या धर्मांचे परीक्षक एकत्र बसू लागले. त्यांच्या प्रार्थना वेगळ्या, धर्मग्रंथ वेगळे. परंतु पडद्यावरील अनोळखी माणसाचे दुःख पाहून त्यांचे अंतःकरण सारखेच हेलावते. दुसऱ्याचे दुःख ओळखता येणे, हीच धर्माची आणि कलेचीही खरी कसोटी आहे.