बांधकामातील माहितीचे अर्थकारण

शासकीय इमारतीचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला एक दृश्य चांगलेच परिचयाचे असते. भिंतीला गिलावा होतो, रंगाचा पहिला हात फिरतो, आणि मग विजेचे काम करणारा छिन्नी-हातोडा घेऊन हजर होतो. त्याच्या नळ्यांसाठी जागा ठेवलेलीच नसते. त्याची फोडाफोड संपते न संपते तोच पाण्याच्या नळांचे काम करणारा येतो. वातानुकूलनाचा पत्र्याचा मार्ग नेमका तुळईवर जाऊन आदळतो, हे तर स्लॅब भरून झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानात येते. या साऱ्याचा खर्च ‘जादा बाब’ म्हणून मोजमाप-पुस्तकात चढतो आणि लोक कोणाचा तरी गलथानपणा किंवा लबाडी म्हणून त्याची बोळवण करतात.

वस्तुतः दोष बहुधा एकट्याचा नसतो. वास्तुविशारदाचा नकाशा एक, संरचना-अभियंत्याचा दुसरा, विजेचा तिसरा आणि पाणी-सांडपाण्याचा चौथा. प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बिनचूक असू शकतो. पण हे चार कागद एकमेकांना प्रथम भेटतात ते प्रत्यक्ष जागेवर, आणि तोवर काँक्रीट घट्ट झालेले असते.

या दुखण्यावर संगणकाच्या युगाने जो उपाय पुढे आणला, त्याला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ किंवा संक्षेपाने ‘बिम’ म्हणतात. मराठीत त्याला इमारतीचे माहिती-प्रतिमान म्हणता येईल. हा केवळ त्रिमिती चित्रांचा प्रकार आहे, हा रूढ समज अपुरा आहे. चित्रातील भिंत म्हणजे काही रेषा. प्रतिमानातील भिंतीला मात्र जाडी, उंची, साहित्य आणि जागा असते. तिच्यातील दार हलविले की भिंतीचे क्षेत्रफळ, विटांची संख्या आणि त्या भिंतीचा प्रत्येक नकाशा आपोआप बदलतो. ही कल्पना काल-परवाची नाही. अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली तेथील वास्तुविशारद संस्थेच्या नियतकालिकात नकाशांऐवजी संगणक वापरण्याचा विचार मांडला होता. बदल एकदाच करावा, सर्व नकाशे त्याच एका वर्णनातून निघावेत आणि साहित्याची परिमाणेही त्यातूनच मिळावीत, हे सूत्र त्यात स्पष्ट होते. त्या काळी त्याला पेलणारा संगणक सामान्य कचेरीच्या आवाक्यात नव्हता, इतकेच.

या प्रतिमानाला कामाचे वेळापत्रक जोडले की कोणता खांब कोणत्या आठवड्यात उभा राहील, हे पडद्यावर आधीच पाहता येते. त्याला चौथी मिती म्हणतात. त्यास दर जोडले की झालेल्या कामाचा आणि उरलेल्या कामाचा खर्च दिसू लागतो; ती पाचवी मिती. व्यवस्थापनाच्या दृष्टीने यातला मुख्य फरक वेळेचा आहे. जे वाद, ज्या दुरुस्त्या आणि जे निर्णय पूर्वी बांधकाम चालू असताना होत, ते आता पाया खोदण्यापूर्वी करावे लागतात. पडद्यावर नळ एक वीत सरकविण्यास काही मिनिटे लागतात. तोच नळ स्लॅबमधून सरकवावयाचा तर काम थांबते, मजूर बसून राहतात आणि पत्रव्यवहाराची नवी फाईल उघडते.

कमी दराचे कोडे

तथापि या तंत्राचे खरे महत्त्व अभियांत्रिकीपेक्षा अर्थशास्त्रात अधिक आहे. बांधकाम हा असा व्यवहार आहे की ज्यात खरेदी करणारा वस्तू तयार होण्यापूर्वीच तिची किंमत ठरवितो. अशा व्यवहारात ज्याच्याजवळ अधिक माहिती, त्याचा वरचष्मा. एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. एका इमारतीच्या अंदाजपत्रकात १,००० घनमीटर वीटकाम आणि ४० टन पोलाद धरले आहे. नकाशे बारकाईने पाहिले, तर पोलाद ६० टन लागणार हे कळते. पण खात्याच्या कचेरीत ते कोणी पाहिलेले नाही. पहिला कंत्राटदार सरळ मनाने वीटकामाला ६,००० रुपये आणि पोलादाला टनामागे ७५,००० रुपये दर देतो. त्याची निविदा ९० लाखांची होते. दुसऱ्याने नकाशे वाचलेले आहेत. तो वीटकामाचा दर ५,००० वर उतरवितो आणि पोलादाचा ९५,००० वर चढवितो. त्याची निविदा ८८ लाखांची होते आणि नियमाप्रमाणे काम त्यालाच मिळते. प्रत्यक्षात ६० टन पोलाद लागते, तेव्हा त्याचे बिल १०७ लाखांवर जाते. पहिल्याला काम मिळाले असते, तर ते १०५ लाखांत झाले असते. दोन लाखांनी स्वस्त ठरलेली निविदा अशा रीतीने दोन लाखांनी महाग पडते, आणि यात कोठेही नियमभंग झालेला नसतो.

परिमाणे प्रतिमानातून काढून सर्व निविदाकारांना सारखीच दिली, तर ६० टनांचा आकडा सर्वांसमोर राहील आणि १०५ लाखांचा कंत्राटदार आपोआप पहिला येईल. माहिती ही एकाची मिरासदारी न राहता सर्वांची होणे, हा या बदलाचा गाभा आहे. आणि म्हणूनच त्याला होणारा विरोधही समजण्यासारखा आहे. ज्याचा नफा नकाशातील विसंगतीवर उभा आहे, त्याला विसंगती आधीच दाखवून देणाऱ्या यंत्राविषयी ममत्व वाटण्याचे कारण नाही.

कराराचा प्रश्न

केवळ संगणक-प्रणाली विकत घेऊन हे साधत नाही, हे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचव्या टर्मिनलने दाखवून दिले. सुमारे ४३० कोटी पौंडांचा हा प्रकल्प एकाच सामायिक प्रतिमान-व्यवस्थेचा अवलंब करून उभारला गेला. पण त्याहून महत्त्वाचा होता तो त्याचा करार. कामातील जोखीम मालक असलेल्या विमानतळ कंपनीने स्वतःकडे घेतली. कंत्राटदारांना झालेला खर्च आणि ठरलेला नफा मिळण्याची तरतूद केली. चूक लपविण्यात कोणाचाच फायदा उरला नाही, म्हणून चुका लवकर उघड झाल्या. इमारत ठरल्या वेळी, ठरल्या खर्चात पुरी झाली. मात्र २७ मार्च २००८ रोजी टर्मिनल सुरू झाले, तेव्हा सामानाच्या व्यवस्थेचा पुरता बोजवारा उडाला आणि शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. कर्मचाऱ्यांची तयारी अपुरी होती. प्रतिमान इमारतीला शिस्त लावते. माणसांना शिकविण्याचे काम वेगळेच करावे लागते.

ब्रिटिश सरकारने २०११ साली धोरण जाहीर करून एप्रिल २०१६ पासून मध्यवर्ती शासकीय कामांत ‘बिम’ आवश्यक केले. सिंगापूरने २०१५ पासून ५,००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींचे आराखडे याच स्वरूपात मागविण्यास प्रारंभ केला. दोन्हीकडे पुढाकार शासनाचा होता, आणि ते स्वाभाविक आहे. एकट्या कंत्राटदाराने ही पद्धत स्वीकारून फारसे साधत नाही. चौघांपैकी तिघे कागदावरच राहिले, तर चौथ्याचे प्रतिमान एकाकी पडते. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने आग्रह धरल्यावाचून हे गाडे हलत नाही.

महाराष्ट्रात या दृष्टीने नागपूर मेट्रोचे उदाहरण लक्षणीय आहे. केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीतील महामेट्रोने तेथे प्रतिमान, वेळापत्रक आणि खर्च या तिन्ही गोष्टी एका व्यवस्थेत गुंफणारी पाच मितींची पद्धत अवलंबिली. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मार्ग सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्णत्वाने लोकार्पण झाला. परंतु मेट्रोसारख्या प्रकल्पाला एकच मालक, स्वतंत्र महामंडळ आणि मोठा निधी लाभतो. तालुक्याच्या गावी उभी राहणारी शाळा, ग्रामीण रुग्णालय किंवा कर्मचाऱ्यांची वसाहत यांच्या नशिबी हे नसते. आणि सामान्य माणसाचा संबंध मुख्यतः येतो तो अशाच इमारतींशी.

कशाची गरज आहे?

पहिली गरज आहे ती आखणीवर पैसा आणि वेळ खर्च करण्याची. प्रतिमानामुळे आखणीचे काम वाढते आणि ते आरंभीच करावे लागते. भूमिपूजनाची तारीख आधी ठरवून नकाशे मागाहून करण्याची रीत चालू राहिली, तर कोणतेही तंत्र उपयोगी पडणार नाही. दुसरी गरज स्पष्ट नियमांची. प्रतिमान आणि सहीचा कागदी नकाशा यांत तफावत आढळली तर प्रमाण काय मानावे, आणि प्रतिमानातील चुकीची जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहिलेले हवे. तिसरी गोष्ट निविदांची. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ठराविक कामांत दराबरोबर गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली आहे. तिचा वापर करून माहिती उघडी ठेवणाऱ्या कंत्राटदाराला झुकते माप देता येईल.

चौथा प्रश्न लहान माणसांचा आहे. प्रणालीचा परवाना आणि शक्तिमान संगणक यांचा खर्च मोठ्या कंपनीला जड नाही. जिल्ह्याच्या गावातील लहान कंत्राटदाराला तो जड आहे. केवळ सक्ती केली, तर लहान कंत्राटदार स्पर्धेतून बाहेर फेकले जातील आणि दर पुन्हा मूठभरांच्या हाती जातील. म्हणून लहान कामांसाठी प्रतिमान खात्यानेच करावे, कंत्राटदाराला ते नुसते वाचता आले तरी पुरे असावे, आणि तंत्रनिकेतनांतून व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे वाचन शिकविले जावे. नकाशे काढणाऱ्या आरेखकाची नोकरी यामुळे जाईल, ही भीतीही अनाठायी म्हणता येणार नाही. त्याला नव्या कामाचे शिक्षण देण्याची जबाबदारी बदल घडवून आणणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

अर्थात प्रतिमानात जे भरले तेच त्याला ठाऊक असते. जमिनीखालची जुनी जलवाहिनी कोणी मोजलेलीच नसेल, तर ती पडद्यावर दिसणार नाही. मोजमाप-पुस्तकात खोटा आकडा लिहिणारा हात प्रतिमानातही तो लिहू शकेल. मात्र तेथे तो आकडा चौघांच्या नजरेखालून जाईल आणि कोणी, केव्हा लिहिला याची नोंद राहील. सार्वजनिक पैशाच्या राखणीसाठी एवढेही थोडे नाही. भिंत बांधण्यापूर्वी तिच्यातून काय काय जाणार आहे हे सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, हा विचार तसा साधा आहे. तो अमलात येण्यास पन्नास वर्षे लागली, यात संगणकाच्या उणिवेइतकाच दोष माहिती हाताशी धरून ठेवणाऱ्या व्यवहाराचाही आहे.