तो आळशी नाही!

“एका उत्तराला किती वेळ लावतोस रे!” घरात स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कतेचा रुग्ण असला की हे वाक्य हमखास ऐकू येते. औषधांनी भास ओसरले, तरी विचारांची गती अनेकदा मंदच राहते. मग घरचेच त्याला आळशी ठरवतात.

मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचे तंतू एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेतात. त्यांच्यावरील स्निग्ध आवरणामुळे निरोप वेगाने धावतो. या तंतूंच्या दिशेने पाणी कसे सरकते, हे विशिष्ट एमआरआयने मोजतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,९६३ रुग्णांची २,३५९ निरोगी व्यक्तींशी तुलना केली, तेव्हा रुग्णांत हे तंतू सरासरीने बिघडलेले आढळले. विचारांच्या गतीशी ज्यांचा संबंध अधिक, त्याच तंतूंत बिघाड अधिक, असे २०१७च्या अभ्यासात दिसले होते.

अर्थात ही सरासरी झाली. केवळ चित्रावरून एखाद्याचे निदान होत नाही. पण घरच्यांना एवढे कळले तरी पुरे. एका वेळी एकच गोष्ट सांगा. उत्तरासाठी थांबा. औषधाने सुस्ती वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. टोमण्याने त्याची गती वाढणार नाही, तो फक्त बोलणे सोडील.