वकिलाची फी आणि अशिलाची फाइल

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची मानीव अभिहस्तांतरणाची फाइल काही वर्षांपूर्वी नऊ महिने एका कपाटात अडकून पडली होती. कपाट वकीलसाहेबांचे, कागद आमचे. वाद फीचा होता. ठरलेली रक्कम फक्त अर्ज दाखल करण्यापुरती, सुनावणीचे पैसे वेगळे, असे ते म्हणत. आमचे सेक्रेटरी म्हणत, सगळ्यासकट बोललो होतो. लेखी कोणाकडेच काही नव्हते. ‘आधी हिशेब पूर्ण करा, मग फाइल न्या,’ हे उत्तर ऐकून आम्ही परत यायचो. इमारतीला टेकू लागले होते, पुनर्विकासाची बोलणी थांबली होती आणि मूळ कागद हाती नव्हते. अखेर मधला आकडा ठरला, पैसे दिले, फाइल आली.

मी वकील नाही. पण ‘फीसाठी फाइल अडवता येते का?’ हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून निवाडे वाचायला बसलो. उत्तर अगदी स्पष्ट निघाले: येत नाही.

भोपाळच्या एका सहकारी बँकेने १९९३ साली आपल्या कायदा सल्लागाराचे काम थांबवले आणि फायली परत मागितल्या. वकिलांनी ९७,१०० रुपये थकबाकी सांगितली आणि ती मिळेपर्यंत फायली देणार नाही असे कळवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या नावाने त्याचा निकाल ऑगस्ट २००० मध्ये लागला. घड्याळ दुरुस्त करणारा मजुरी मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घेऊ शकतो, कारण करार कायदा त्याला तो हक्क देतो. मग वकिलाला का नाही? न्यायालयाचे म्हणणे असे, की खटल्याचे कागद हा काही विकता येणारा माल नव्हे. शिवाय ते अडले तर अशिलाचा खटलाच अडतो. फी थकली असेल तर वकिलाने दावा लावावा. फाइल मात्र परत करावी. बार कौन्सिलने त्या वकिलांना १८ महिने व्यवसायबंदी केली होती. कायदा तोवर स्पष्ट नव्हता हे लक्षात घेऊन न्यायालयाने ती शिक्षा समज देण्यापुरती कमी केली. त्यानंतर मात्र ‘माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय उरली नाही.

दुसरी अडचण ‘एनओसी’ची. जुन्या वकिलाने ना-हरकत दिल्याशिवाय नवा वकील उभा राहू शकत नाही, असा समज कोर्टाच्या आवारात पक्का आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम तेवढ्यावर थांबत नाही. संमती मिळत नसेल, तर नव्या वकिलाने कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी आणि काम सुरू करावे, असे तोच नियम सांगतो. हे दुसरे वाक्य सहसा कोणी सांगत नाही.

आता फीचा आकडा. तो वकील आणि अशील यांच्या करारातून ठरतो. १९२६ च्या कायद्याने वकिलाला फीसाठी दावा लावण्याचा हक्क दिला आणि त्याच कायद्याने निष्काळजीपणासाठी वकिलावर दावा लावण्याची वाटही मोकळी ठेवली. एक गोष्ट मात्र ठरवताच येत नाही, ती म्हणजे टक्केवारी. ‘जिंकलो तर इतके टक्के’ हा सौदा आपल्याकडे निषिद्ध आहे. वसुलीतला निम्मा हिस्सा मागणाऱ्या एका वकिलाला मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिने निलंबित केले होते. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्यांचा उल्लेख फक्त ‘जी’ असा आहे. २०१७ साली बी. सुनीता यांच्या प्रकरणात अपघात भरपाईच्या टक्केवारीपोटी घेतलेला चेक वटला नाही म्हणून वकिलाने फौजदारी तक्रार केली होती. न्यायालयाने ती रद्द केली.

दावा ‘खर्चासह मंजूर’ झाला म्हणजे फी भरून निघते, हाही एक गैरसमज. तो खर्च हरलेल्या पक्षाने द्यायचा असतो आणि नियमाने ठरलेली वकील फी प्रत्यक्ष फीच्या मानाने बहुधा फारच थोडी असते. उरलेला भार अशिलाचाच.

वाद झालाच तर जायचे कुठे? ग्राहक मंचाचे दार आता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी डी. के. गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. त्या प्रकरणाचे मूळही फीतच होते. दिल्लीतल्या वकिलांच्या हाती अशिलाचे वीस हजार आणि पाच हजार रुपये आले होते. त्यातल्या पाच हजारांवरून वाद पेटला. उरले दोन मार्ग. पैशांच्या हिशेबासाठी दिवाणी न्यायालय आणि गैरवर्तनासाठी मुंबईत महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. तिथे तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही, तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते.

दोन्ही मार्ग लांबचे. केवळ आकडा रास्त आहे का, हे पटकन तपासून देणारा कोणी ठाण्या-कल्याणच्या कोर्टात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बिले तपासणारा टॅक्सिंग मास्टर आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरचे बिल मिळाल्यापासून महिन्याच्या आत ते तपासून मागता येते आणि बिल पाचव्या हिश्श्याने किंवा अधिक घटले तर तपासणीचा खर्च सहसा सॉलिसिटरवरच पडतो. खाडीपलीकडे मात्र अशील आणि वकील एकमेकांच्या शब्दावर चालतात.

वकिलांची बाजूही खरी आहे. निकाल लागेपर्यंत रोज फोन करणारा अशील निकालानंतर फोन उचलत नाही, हे कोर्ट नाक्यावर कोणीही ज्युनिअर सांगेल. तारखेला उभे राहून दिवस गेला आणि सुनावणी झालीच नाही, तर त्या दिवसाचे पैसे कशाचे, असे विचारणारेही आपल्यातच असतात.

म्हणून वकीलपत्रावर सही करतानाच एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: फी कोणत्या टप्प्यापर्यंतची, स्टॅम्प-टायपिंग-झेरॉक्सचा खर्च त्यात आहे की नाही, तारीख पडली तर काय आणि अपील वेगळे का. पैशांची पावती घ्यावी. मूळ कागद देताना यादी करून पोच घ्यावी. सोसायटी असेल तर फीचा आकडा सभेच्या इतिवृत्तात यावा. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्यासारख्यांना घरासाठी ती चढावीच लागते. आमच्या सोसायटीने आता नव्या वकिलांबरोबर एका पानाचा करार केला आहे. ते पान पुढे केले तेव्हा सेक्रेटरी अवघडले होते. वकीलबाईंनी ते वाचले, एक ओळ स्वतः वाढवली आणि सही केली.