रिकामी बाकं आणि मोजलेली हजेरी : अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून फुटबॉल कधीपासून?" सोडलेलं नाही. उलट तत्त्वज्ञानातलाच एक जुना प्रश्न मला या विषयात नव्याने भेटला, म्हणून आज तो तुमच्यासमोर ठेवतो आहे.

निमित्त घरचंच आहे. माझी नात अमेरिकेत एका विद्यापीठात शिकते. एका शनिवारी तिचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, आज मॅचला गेले होते. पण हाफ टाइमला सगळे उठले, मग मीही आले. उरलेली रूमवर टीव्हीवर बघतेय." मी विचारलं, "तिकिटाचे पैसे भरलेस ना? मग?" तर म्हणाली, "आजोबा, तिथे शेजारी कुणीच उरलं नव्हतं. एकटीने काय बसायचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सामना तोच होता, खेळाडू तेच होते. बदललं होतं ते शेजारचं बाक. तर पाहणं ही एकट्याची क्रिया आहे की अनेकांची? आणि ती जर अनेकांची असेल, तर लोकांना बोलावून, आमिष दाखवून, मोजून ती घडवता येते का? आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नाचं आहे.

आधी थोडी माहिती. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं, फेकायचा, अडवायचं, असा तो खेळ. गंमत अशी, की ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो पहिला सामना झाला असं मानतात, तो बराचसा आपल्या फुटबॉलसारखाच होता. एकेका बाजूला २५ गडी. रटगर्सने ६-४ असा जिंकला. पुढे नियम बदलत गेले आणि खेळ वेगळाच झाला.

आज त्याचा पसारा केवढा आहे? मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांहून अधिक आहे. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं. म्हणजे तीन वानखेडे एकत्र केली तरी थोडी जागा उरेल! आणि हे कुठल्या व्यावसायिक संघाचं मैदान नव्हे, विद्यापीठाचं आहे. लाखाच्या वरची अशी आठ कॉलेज स्टेडियम त्या देशात आहेत. वर्षाला घरच्या मैदानावर सामने होतात फक्त सहा-सात. त्यामुळे त्या शनिवारांना गावजत्रेचं रूप येतं. जुने विद्यार्थी गाड्या घेऊन येतात, वाहनतळातच शेगड्या पेटतात, वाद्यवृंद वाजत असतो.

आणि तरीही बाकं रिकामी होऊ लागली. वरच्या श्रेणीतल्या संघांच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती २००८च्या सुमारास ४६-४७ हजारांवर होती. २०१८मध्ये ती ४२ हजारांच्या आसपास आली, १९९६नंतरची सर्वांत कमी. त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने एक हिशेब मांडला. विद्यापीठं जाहीर करत तो आकडा बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असे. दारात प्रत्यक्ष तपासली गेलेली तिकिटं त्याच्या सरासरी ७१ टक्केच भरली. म्हणजे कागदावरचे शंभर, आत आलेले एकाहत्तर. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला हे गणित नवीन नाही. (हशा)

आता कारणं पाहू. पहिला आरोपी अर्थात टीव्ही. ही भीती जुनी आहे. कॉलेज खेळांचं नियंत्रण करणारी एनसीएए ही संस्था १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून किती सामने दाखवायचे यावर बंधन घालत होती, कारण घरबसल्या सामना दिसला तर मैदानात कोण येईल? १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की असं नियंत्रण स्पर्धाविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे. दार उघडलं. आज जवळपास प्रत्येक मोठा सामना पडद्यावर दिसतो, आणि मैदानातल्यापेक्षा स्पष्ट दिसतो.

पण टीव्हीने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सामना कधी सुरू होणार हे वाहिनी ठरवू लागली. कित्येकदा जेमतेम बारा दिवस आधी कळतं, की दुपारी बारा की रात्री आठ. तीनशे मैलांवरून येणाऱ्या कुटुंबाने बेत कसा आखायचा? शिवाय खेळ ६० मिनिटांचा, पण जाहिरातींच्या विश्रांती धरून तीन तास वीस मिनिटं सहज लागतात. घरी माणूस तेवढ्यात चहा करून येतो. मैदानात तो उन्हात नुसता बसून राहतो. म्हणजे मैदानातला माणूस एका वेगळ्याच प्रेक्षकाच्या सोयीसाठी ताटकळत असतो. पाहुणा बाहेर उभा आणि यजमान फोनवर, असा हा प्रकार. २०२३मध्ये नियम बदलून घड्याळ थोडं कमी थांबवायला सुरुवात झाली, पण जाहिराती आपल्या जागी आहेत.

तर विद्यापीठांनी उपाय काय केले? तीन प्रकार सांगतो.

पहिला प्रकार सोयीचा. इंटरनेट सुधारा, स्वच्छतागृहं वाढवा, पाणी द्या, रांगा कमी करा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११मध्ये स्टेडियमच्या आतच बिअर विकायला सुरुवात केली आणि मध्यंतरात बाहेर जाऊन परत येण्याची मुभा बंद केली. या उपायांवर माझा आक्षेप नाही. पाहुण्याला पाणी विचारणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण पाण्यासाठी कुणी पाहुणा म्हणून येत नाही.

दुसरा प्रकार किमतीचा. इथे मिशिगनचं उदाहरण बोलकं आहे. तिथे २०१३मध्ये विद्यार्थ्यांच्या जागांची जुनी पद्धत मोडून 'जो आधी येईल तो पुढे बसेल' अशी पद्धत आणली. हेतू चांगला होता, मुलांनी वेळेवर यावं. पण चार वर्षं हळूहळू पुढच्या रांगेकडे सरकणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांना वाटलं, आपली कमाई काढून घेतली. हंगामाचं तिकीटही महाग होतं, २०१४मध्ये २८० डॉलर. विद्यार्थ्यांची तिकीटविक्री घसरली. त्याच वर्षी शीतपेयाच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटं, अशी एक योजना बाहेर आली आणि टीका होताच मागे घ्यावी लागली. मुलांचा संताप का झाला? तिकीट स्वस्त झालं म्हणून नव्हे. आपण ज्याला सण समजतो त्याची किंमत दोन बाटल्या, हे कळलं म्हणून. त्या हिवाळ्याआधीच क्रीडा संचालक पायउतार झाले. २०१५मध्ये विद्यार्थी तिकीट १७५ डॉलरवर आणलं गेलं.

तिसरा प्रकार बक्षिसाचा, आणि इथे तत्त्वज्ञान सुरू होतं. अलाबामा विद्यापीठाचा संघ इतका बलाढ्य, की सामना अर्ध्यातच निकालात निघे आणि मुलं निघून जात. २०१९मध्ये त्यांनी मोबाइलवर एक ॲप आणलं. मुलगा स्टेडियममध्ये आहे की नाही हे फोनच्या ठिकाणावरून कळणार. आलात तर १०० गुण, चौथ्या सत्रापर्यंत थांबलात तर आणखी २५०. ज्याचे गुण जास्त, त्याला मोठ्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. बघा हं, येण्यापेक्षा थांबण्याला अडीचपट भाव!

इथे मला माझीच एक फजिती आठवते. नोकरीच्या सुरुवातीला ७५ टक्के हजेरीच्या नियमाचा मी कडक पुरस्कर्ता होतो. तासाच्या सुरुवातीला हजेरी घ्यायचो. मग लक्षात आलं, 'येस सर' म्हणून मुलं मागच्या दाराने जातात. मी शहाणा, तासाच्या शेवटी घ्यायला लागलो. आता मुलं शेवटच्या दहा मिनिटांत यायला लागली! वर्ग माझा, पण मी शिकवत होतो हजेरीपटाला. एका मुलीने एकदा मला सरळ सांगितलं, "सर, तुम्ही आमच्याकडे बघता तेव्हा आम्ही मोजले जातो." त्या दिवसापासून मी आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कालच्या तासावर त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारू लागलो. वर्ग गच्च भरला असं खोटं सांगणार नाही. पण जे आले ते थांबले.

यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना न्यायला पालक उशिरा येत. काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो जवळपास दुप्पट झाला. कारण आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता त्यांनी उशीर विकत घेतला होता. आणि दंड रद्द केल्यावरही जुनी लाज परत आली नाही. गुणांचंही तसंच होऊ शकतं. 'मी माझ्या संघासाठी थांबलो' याची जागा 'मी २५०साठी थांबलो' हे घेतं. मग गुण नकोसे झाले, की थांबण्याचं कारणच उरत नाही.

यॉन एल्स्टर या विचारवंताने एक सुंदर मुद्दा मांडला आहे. काही गोष्टी थेट मागे लागून मिळतच नाहीत. झोप ही त्यातली. 'आता झोपायचंच' असं ठरवलं की डोळा लागत नाही. स्टेडियममधलं वातावरण हे असं आहे. ते दुसरं काहीतरी मनापासून करताना आपोआप तयार होतं.

उदाहरण देतो. आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला लागून मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७मध्ये एका चाहतीने समाजमाध्यमावर सुचवलं, की पहिलं सत्र संपलं की सगळ्यांनी वळून त्या खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात करावा. तेव्हापासून दर सामन्यात सुमारे सत्तर हजार माणसं, दोन्ही संघांचे खेळाडूसुद्धा, मैदानाकडे पाठ करून हात हलवतात. यात बक्षीस नाही, गुण नाहीत. पण हे टीव्हीवर पाहता येतं, करता येत नाही. त्यासाठी तिथे असावं लागतं. विस्कॉन्सिनमध्ये १९९८पासून तिसरं सत्र संपल्यावर सगळं स्टेडियम एका गाण्यावर उड्या मारतं. टेक्सास ए अँड एममध्ये विद्यार्थी पूर्ण सामना उभे राहतात, कारण १९२२च्या एका सामन्यात गरज पडली तर खेळता यावं म्हणून एक विद्यार्थी पोशाख घालून कडेला उभा राहिला होता. त्याला खेळावं लागलं नाही. पण 'तयार असणं' हीच तिथल्या प्रेक्षकाची व्याख्या झाली. अकरा खेळाडू मैदानात, बारावा आपण.

आपल्याकडे हे कळायला कोल्हापूरला जावं. तिथला फुटबॉल पायाचा, आणि कॉलेजांचा नव्हे, पेठांच्या तालमी-मंडळांचा. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहारचा सामना असला, की लोकांना बोलवावं लागत नाही. पेठेतला माणूस सामना 'बघायला' जात नाही, आपल्या पेठेबरोबर जातो. या आपलेपणाला हुल्लडबाजीची काळी बाजूही आहे, ती मी झाकत नाही. पण तिथे शेजारचं बाक रिकामं नसतं.

आता नातीच्या वाक्याकडे येतो. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने एका पुस्तकाची सुरुवातच आपल्या व्याख्यानाच्या आठवणीने केली आहे. पडद्याआडून पाहिलं तर पुढच्या डझनभर रांगा रिकाम्या. त्याला वाटलं, कुणी आलंच नाही. व्यासपीठावर गेल्यावर दिसलं, त्यामागे सभागृह गच्च भरलंय! कुणीच 'पुढे रिकामं असावं' असं ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहून आपली जागा निवडली होती. स्टेडियम रिकामं होतं तेही असंच. एक उठला, त्याला पाहून दुसरा. म्हणून उपायही एकेकट्या माणसावर करून चालत नाही, तो बाकावर करावा लागतो. मुलांना मित्रांसह एकत्र जागा द्या. पहिल्या वर्षीच त्यांना गाणी, घोषणा, त्यांच्यामागच्या गोष्टी शिकवा. वेळ लवकर जाहीर करा. दुबळ्या संघाला लाखो डॉलर देऊन हरायला बोलावण्यापेक्षा शेजारचा जुना प्रतिस्पर्धी आणा. आणि जाहीर आकडा खरा सांगा, कारण खोट्या गर्दीत सामील व्हायला कुणी येत नाही.

ग्रीक परंपरेत पायथागोरसच्या नावावर एक दाखला आहे. उत्सवाच्या खेळांना तीन प्रकारचे लोक येतात : मुकुटासाठी झुंजणारे, माल विकणारे आणि नुसते पाहणारे. तत्त्वज्ञ तिसऱ्यातला. 'थिअरी' हा शब्द त्या पाहण्यातूनच आला. पण ग्रीक नगरं उत्सवाला जे पाहणारे पाठवत ते रिकामटेकडे नव्हते, ते नगराचे अधिकृत प्रतिनिधी असत. त्यांची उपस्थिती हा उत्सवाचाच भाग होता. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं : खरं पाहणं म्हणजे सहभागी होणं.

विद्यापीठाने प्रेक्षकाला गिऱ्हाईक मानलं, की तो हिशेब करणार, आणि हिशेबात घरचा सोफा नेहमी जिंकणार. प्रतिनिधी मानलं, तर तो पावसातही उभा राहील, कारण आपण नसलो तर काहीतरी कमी पडेल हे त्याला ठाऊक असतं. 'माझ्या नसण्याने कुणाचं काय अडतं?' या प्रश्नाला संस्थेकडे खरं उत्तर हवं. ते नसेल, तर कुठलंही ॲप ते तयार करू शकणार नाही. हे फुटबॉलला लागू आहे, वर्गाला आहे, ग्रामसभेला आहे आणि आपल्या या व्याख्यानमालेलाही आहे.

तुमच्यापैकी बरेच जण हे घरी बसून ऐकत आहात, याची मला कल्पना आहे. तुम्हाला गुण देण्याची माझी ऐपत नाही. (हशा) पण एक करा. हे ऐकून झाल्यावर कुणाशी तरी यावर भांडा, चर्चा करा. म्हणजे तुमच्या शेजारचं बाक रिकामं राहणार नाही. आज सभागृहात पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, तेही दिसतंय मला. प्रश्नोत्तरांसाठी जरा पुढे या, मग बोलू.