पेशींनाही लागते जमीन

धरमतर खाडीच्या काठाने पेणकडे येताना तिवरांची दाट राई दृष्टीस पडते. भरतीबरोबर वाहत आलेले तिवराचे रोप मऊ गाळात रुजते. खारबांधाच्या उघाडीच्या सिमेंटवर ते अडकले, तरी रुजत नाही. गाळ मुळांना आधार देतो आणि मुळे गाळाला धरून ठेवतात. प्राण्यांच्या शरीरातील पेशींची स्थिती पुष्कळशी अशीच आहे. रक्तातील पेशींसारखे अपवाद सोडल्यास बहुतेक पेशींना जगण्यासाठी, वाढण्यासाठी आणि आपले नेमके काम करण्यासाठी धरून राहण्याजोगी जमीन लागते.

ही जमीन पेशी स्वतःच तयार करतात. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे व शर्करायुक्त द्रव्यांचे एक जाळे पसरलेले असते. त्यास पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. त्यातील प्रमुख प्रथिन कोलॅजन हे होय. त्वचा, हाडे व स्नायुबंध यांना बळकटी देणारे हे प्रथिन शरीरातील एकूण प्रथिनांच्या पाव हिश्श्याहून अधिक असते. फायब्रोनेक्टिन व लॅमिनिन ही अन्य दोन महत्त्वाची प्रथिने. पेशीच्या आवरणावरील इंटेग्रिन नावाचे रेणू या प्रथिनांतील ठराविक खुणा ओळखून त्यांना पकडतात. फायब्रोनेक्टिनमधील अशी एक खूण अवघ्या तीन अमिनो आम्लांची आहे, हे १९८४ मध्ये अमेरिकेत पीअर्शबाखर व रूओस्लाती यांनी दाखवून दिले. ही पकड केवळ यांत्रिक नसते. तीतून पेशीला वाढावे, थांबावे की मरावे याचे संकेत मिळतात.

प्रयोगशाळेत पेशी वाढवावयाच्या झाल्या, की अडचण येथेच उभी राहते. काच किंवा पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक म्हणजे पेशींच्या दृष्टीने उघाडीचे सिमेंटच. यावर उपाय शोधणाऱ्यांत बाल्टिमोरचे जॉर्ज गे हे अग्रणी होते. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशींपासून १९५१ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत अखंड वाढणारा पहिला मानवी पेशीवंश सिद्ध केला. त्या पेशी तिच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. याच गे यांनी एहर्मन यांच्यासमवेत १९५६ मध्ये उंदराच्या शेपटीतील कोलॅजनचा पारदर्शक थर बनवून त्यावर पेशी वाढविल्या.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी गे यांच्याच प्रयोगशाळेत शिक्षण घेतले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास हे त्यांचे प्रमुख क्षेत्र; १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे हीच संशोधन परंपरा टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, येऊन स्थिरावली. पेण-रोह्याच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

थर देण्याची कृती दिसावयास साधी आहे. कोलॅजन सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून बशीत पसरतात, तासभर ठेवतात आणि निर्जंतुक क्षारद्रावणाने धुऊन घेतात. आम्लाचा अंश राहिला, तर पेशी मरतात. फायब्रोनेक्टिन तर एका चौरस सेंटिमीटरला एक ते पाच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना न दिसण्याइतके पुरते. जाड मऊ थर हवा असल्यास कोलॅजनचे थंड द्रावण उदासीन करून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. काही वेळात ते खरवसासारखे घट्ट होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. उघड्या प्लास्टिकवर वाढलेली पेशी जिवंत असली, तरी पुष्कळदा आपला स्वभाव विसरते. अमेरिकेतील मीना बिसेल यांच्या गटाने आधारद्रव्याच्या मऊ थरात स्तनाच्या पेशी वाढविल्या, तेव्हा निरोगी पेशींनी नीटस गोलाकार रचना केली, तर कर्कपेशी अस्ताव्यस्त वाढल्या. १९९७ मध्ये एका विशिष्ट इंटेग्रिनला अटकाव करताच त्या कर्कपेशींची वागणूक निरोगी पेशींसारखी झाली. फायब्रोनेक्टिनला चिकटलेल्या काही कर्कपेशी औषधाला दाद देत नाहीत, असेही आढळले आहे. तेव्हा औषधाची परीक्षा कोणत्या जमिनीवर घेतली, यावर तिचा निष्कर्ष अवलंबून राहतो. आणि चुकीच्या निष्कर्षाची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.

ही प्रथिने महाग असतात. बरीचशी उंदरांपासून वा गुरांपासून काढली जातात. मासळीबाजारात टाकून दिले जाणारे खवले हाही कोलॅजनचा चांगला साठा असून, त्यावर देशोदेशी संशोधन चालू आहे. मात्र थंड समुद्रातील माशांचे कोलॅजन शरीराच्या तपमानाला पोहोचण्यापूर्वीच विघटित होते. उष्ण प्रदेशातील माशांचे त्या मानाने अधिक टिकते; तरी त्याचे धागे रासायनिक प्रक्रियेने एकमेकांत बांधून पक्के करावे लागतात.