पावसात गरी टाकण्याआधी: थांबलेल्या पाण्यातल्या मासळीचं वर्ष



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस समुद्र बंद. मालीमच्या धक्क्यावर बोटी लागल्या, इंजिनं उघडली, जाळी शिवायला काढली. पण मासे मारणाऱ्याचे हात किती दिवस गप्प बसणार? मग आपल्यातले बरेच जण गरी आणि दोरा घेतात आणि डिचोली, पेडण्याच्या बाजूला गाडी वळवतात. कुणी मयेच्या तळ्याकडे, कुणी आमठाणेच्या बाजूला, कुणी दोडामार्ग ओलांडून तिळारीकडे, तर कुणी पेडण्यातल्या खाजनाच्या मानशीवर. आम्हीही लहानपणापासून हेच करत आलो आहोत, म्हणून आज कुणाला उपदेश करायला बसलेलो नाही.

पण एक प्रश्न आम्हाला स्वतःलाच पडला. समुद्रातल्या मासळीला अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून आपण बोटी बांधतो. आणि त्याच दिवसांत जिथे गरवायला जातो, तिथली गोड्या पाण्यातली मासळीसुद्धा अंडी घालण्यातच असते. समुद्राला सुट्टी दिली आणि तळ्याला दिलीच नाही, असं होत नाही ना? याचं उत्तर शोधताना आम्ही थोडी दूरची एक गोष्ट वाचली. ती आधी सांगतो, मग आपल्या पाण्याकडे येऊ.

ट्राऊट आणि पिसांची माशी

ट्राऊट हा थंड पाण्यातला मासा. आपल्या देशात तो मूळचा नाही. इंग्रजांच्या काळात, १९०० च्या सुमारास, ब्रिटनमधून अंडी आणून काश्मीरात तो वाढवला. निलगिरीच्या डोंगरातही सोडला. गोव्यात तो का नाही, याचं कारण साधं आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. ट्राऊटला भरपूर प्राणवायू लागतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो. आपल्या तळ्यात तो जगणारच नाही.

हा मासा पकडायची एक खास पद्धत आहे, तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. गरीला गांडूळ किंवा सुंगट लावत नाहीत. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून गरीवरच एक खोटी माशी बांधतात. ही माशी इतकी हलकी की एरवी ती दोन हातही लांब जाणार नाही. म्हणून वजन दोऱ्यालाच दिलेलं असतं. जाड दोरा काठीने मागे-पुढे झुलवायचा आणि त्याच्या जोरावर माशी पाण्यावर अलगद उतरवायची. पागेर फेकणाऱ्याला हे लगेच कळेल, कारण तिथेही सगळा खेळ मनगटाचा आणि वेळ साधण्याचा.

इंग्लंडात ही मासेमारी नदीत होते, तशीच पिण्याच्या पाण्याच्या धरणांतही होते. ब्रिस्टल शहरासाठी बांधलेल्या ब्लॅगडन तलावात १९०४ पासून ट्राऊटची गळमासेमारी चालू आहे. म्हणजे आपल्या आमठाणेसारखंच पाणी: लोकांना प्यायलाही आणि मासे धरायलाही. परवाना घ्यायचा, दिवसाला ठरलेलेच मासे न्यायचे आणि किती पकडले ते लिहून द्यायचं, अशी तिथल्या धरणांवरची साधारण पद्धत.

आणि तिथला गडी महिना बघून गरी टाकतो. हंगामाच्या सुरुवातीला पाणी गार असतं, मासा खाली असतो आणि तळातून वर येणाऱ्या किड्यांच्या कोशांवर जगतो. तेव्हा माशी खोल आणि अगदी सावकाश चालवायची. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासा दिवसा खोल जातो. सकाळ-संध्याकाळ किडे उडायला लागले की वर येतो. थंडी जवळ आली की बारीक पिल्लांच्या मागे तो काठाला येतो. पाणी तेच, पण दर दोन महिन्यांनी मासा घर बदलतो.

आपल्या कामाची गोष्ट: टाकलेला मासा आणि घरचा मासा

तिथे ट्राऊटच्या दोन मुख्य जाती आहेत. तपकिरी ट्राऊट हा तिथला मूळचा, स्वतःच अंडी घालून वाढणारा. रेनबो ट्राऊट हा अमेरिकेतून आणलेला. त्याला अंडी घालायला खडीचा तळ आणि वाहतं पाणी लागतं, त्यामुळे बंद तळ्यात त्याची वीण होत नाही. म्हणून तो वाढवून तळ्यात सोडतात. या फरकामुळे कायदाही वेगळा आहे. तपकिरी ट्राऊटला विणीच्या दिवसांत बंदी आहे. बंदिस्त तळ्यातल्या रेनबोला तशी सरकारी बंदी नाही, कारण तो कमी झाला तर पुन्हा टाकता येतो.

आपल्या देशातही थंड पाण्याच्या राज्यांत हाच विचार आहे. हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत ट्राऊट पकडायला बंदी असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ.

आता आपल्या तळ्यांकडे बघा. इथेही दोन प्रकारचे मासे आहेत.

पहिला, टाकलेला. रोहू, कटला यांना वीण करायला पुराची वाहती नदी लागते. थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. धरणात, तळ्यात जे मोठे रोहू-कटला मिळतात, ते बहुतेक बीज सोडलेलेच असतात.

दुसरा, घरचा. मरळ, काळुंदर, ओहोळातले बारीक मासे आणि सह्याद्रीच्या नद्यांतला महाशीर. यांचं बीज आपल्या तळ्यांत सहसा कुणी आणून टाकत नाही. महाशीरचं बीज तयार करायला लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणावर १९७० च्या दशकापासून केंद्र चालवावं लागलं, यावरून कळेल की एकदा कमी झालेला घरचा मासा परत आणणं किती खटाटोपाचं आहे.

टाकलेला मासा नेला तर पैशांनी भरून येतो. घरचा मासा विणीच्या वेळी नेला तर भरून येईलच असं नाही.

पावसात नेमकं काय घडतं

पहिला मोठा पाऊस झाला की व्हाळ वाहू लागतात आणि मासे पाण्याच्या उलट, वर चढतात. शेतात, चिखलात, उथळ पाण्यात अंडी घालायला. हेच आपले चढणीचे मासे. पोटात गाभोळी असते म्हणून चवीला उत्तम. आपण त्यांची वर्षभर वाट बघतो तीही त्यासाठीच.

मरळीची गोष्ट तर बघण्यासारखी आहे. पावसाळ्यात तळ्याच्या काठाला गवताजवळ पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा एक झुबका फिरताना दिसतो. सगळी मिळून वर येतात, श्वास घेतात, खाली जातात. त्यांच्या खालीच आई-बाप राखणीला असतात. त्या झुबक्यात गरी टाकली की मरळ झेपावतेच. भूक नसली तरी झेपावते, पिल्लांना धोका आहे म्हणून. गरवणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि म्हणूनच ही शिकार सोपी आहे. पण मोठी मरळ गेली की राखण गेली. मग बाकीचे मासे, बेडूक, पाणसाप ती पिल्लं संपवतात. आपण एक मासा नेला असं वाटतं, प्रत्यक्षात अख्खं बिऱ्हाड जातं.

काळुंदरही असाच संसारी मासा. उथळ पाण्यात अंडी चिकटवतो आणि नर-मादी दोघं राखण करतात. मानशीच्या आतल्या बाजूला पाणी संथ आणि स्वच्छ असलं की ही जोडी एकाच जागी घुटमळताना दिसते. अशी जोडी दिसली तर गरी दुसरीकडे टाकलेली बरी.

महिन्यांचा हिशेब

जून ते ऑगस्ट: पाणी लाल, गढूळ, आणि मासा विणीत. व्हाळाचं तोंड आणि काठाचं गवत सोडून द्या.

सप्टेंबर, ऑक्टोबर: तळी भरलेली, पाणी निवळायला लागलेलं, खाणं भरपूर. गरवायला चांगला काळ.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: रात्री गार. पहाटे मासा मंद असतो, ऊन वर आलं की काठाच्या कोमट पाण्यात येतो. थोडं उशिरा निघालात तरी चालेल.

मार्च ते मे: पाणी उतरलेलं, वरचा थर तापलेला, तळाला प्राणवायू कमी. मासा सावलीला किंवा जिथे पाणी आत येतं तिथे असतो. प्राणवायू सगळ्यात कमी पहाटे असतो. उजाडताना मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर ती गरवायची संधी समजू नका, पाणी आजारी असल्याची ती खूण आहे.

मग चढणीचे मासे खायचेच नाहीत का?

हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हालाही विचारलं. आमचं म्हणणं एवढंच: खा, पण व्हाळ पूर्ण अडवू नका. आडवी जाळी लावून एकही मासा वर जाऊ दिला नाही, तर पुढच्या वर्षी चढायला कोण येणार? निम्मा व्हाळ मोकळा ठेवा. पिल्लांसोबतची मरळ सोडा, एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. विष आणि स्फोटकं तर नकोतच. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे.

सोडायचा मासा असेल तर हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा चिकट थर जात नाही. गरीचा उलटा दात पकडीने आधीच चेपून ठेवला तर ती चटकन निघते.

आणि जिवाचंही बघा. आमठाणे, तिळारी ही पाणीपुरवठ्याची धरणं आहेत, तिथे जाण्याआधी परवानगीची चौकशी करा. डिचोलीतल्या बंद खाणींचे खंदक वरून शांत तळ्यासारखे दिसतात, पण त्यांना उतरता काठ नसतो. कडा तुटली की माणूस थेट खोल पाण्यात. लहान मुलांना तिथे अजिबात नेऊ नका. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी सगळ्यांना माहीत आहेत, पण मगर गोड्या पाण्यातही असते.

आपण दर्यावर पोट असलेली माणसं. बंदीचे ६१ दिवस घर चालवणं किती कठीण असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. तरी आपण ती पाळतो, कारण १ ऑगस्टला बोट बाहेर काढली की जाळ्यात काहीतरी लागायला हवं. तळ्याचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही. यंदा पावसात मयेला किंवा मानशीवर गेलात आणि पाण्यावर केशरी झुबका दिसला, तर गरी गुंडाळा आणि बरोबरच्या पोराला तो दाखवा. खाली राखणीला कोण आहे, तेही सांगा.